बगळ्याने मांडलेलं अस्वलाचं घर

एका जंगलात एक अस्वल होतं आणि त्याची कंबर दुखत होती.

मुलांनो, गोष्टीतल्या अस्वलांची कंबर दुखत नाही, हे मला माहीत आहे. ती मध खातात, झाडावर चढतात आणि लाकूडतोड्यांची गंमत करतात. हे अस्वल पोक्त होतं. त्याचं नाव केरोबा. तरुणपणी त्यानंही भरपूर मध खाल्ला होता आणि आता तो सगळा मध कंबरेला उचलावा लागत होता.

पण केरोबा कुरकुरत नसे. कारण त्याच्याकडे एक खुर्ची होती.

हसू नका. खुर्ची म्हटलं की मोठी माणसं हसतात, त्यांचं बघून तुम्हीही हसायला शिकलात. ही भांडायची खुर्ची नव्हे, बसायची. सागवानाची, ऐसपैस, मागे उंच पाठ असलेली. दुपारचं जेवून केरोबा तिच्यात बसला की कंबर दुखायची थांबे. सगळ्या जंगलात कंबर न दुखण्याची त्याला तेवढी एकच जागा होती.

खुर्ची केली होती ठोकाजीनं. ठोकाजी म्हणजे सुतारपक्षी. जुना दोस्त, तोंडानं फटकळ, चोचीनं पक्का. त्याची कामाची एक रीत होती. तो टेप लावून माप घेत नसे. गिऱ्हाईक आलं की म्हणे, "तीन दिवस येतो तुझ्याकडे. तू तुझं बस."

मग तीन दिवस तो फांदीवरून नुसता बघे. जेवल्यावर कसा बसतोस, दमून आल्यावर कसा बसतोस, बायकोशी भांडण झाल्यावर कसा बसतोस. "उभ्या प्राण्याचं माप कुणीही घेईल," ठोकाजी म्हणे. "उभा असताना जो तो पोट आत घेतो."

म्हणून त्यानं केलेल्या माकडाच्या खुर्चीला शेपटीपुरतं भोक असे. साळिंदराच्या खुर्चीला पाठच नसे. आणि केरोबाच्या खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा जाड होता, कारण केरोबा दमला की डावीकडे कलंडतो. हे खुद्द केरोबालाही ठाऊक नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी केरोबाची बायको मालनबाई चंपूताई साळिंदरांकडे हळदीकुंकवाला गेली आणि गप्प होऊन परत आली.

"काय झालं?" केरोबानं विचारलं.

"काही नाही."

"बरं," असं म्हणून केरोबानं डोळे मिटले. मुलांनो, ही चूक तुम्ही कधी करू नका.

"चंपूताईंच्या घरात काहीच नाही हो," मालनबाई म्हणाली.

"अरेरे! चोरी झाली?"

"चोरी कसली! करून घेतलंय तसं. सगळं पांढरं, सगळं मोकळं. आत गेलं की परक्या मुलखात आल्यासारखं वाटतं. आणि आपल्याकडे बघा. ही मडकी, हे सुकवलेले कंद, हा माझा चौरंग, ही तुमची खुर्ची. श्वास कोंडतो माझा इथे."

आदल्या दिवसापर्यंत तो कोंडत नव्हता. पण शेजारणीचं घर नवं झालं की आपल्या घरातली हवा कमी होते, हा जंगलाचा नियमच आहे.

चंपूताईंचं घर केलं होतं श्वेतांगसरांनी. श्वेतांगसर म्हणजे बगळा. सात तळी ओलांडून पलीकडे शिकून आलेला. तो 'घर' म्हणत नसे, 'अवकाश' म्हणे. 'भिंत' म्हणत नसे, 'मर्यादा' म्हणे. कामाबद्दल मासे घेई, पण मोबदला म्हणून नव्हे, सन्मान म्हणून. सन्मान दिवसातून दोनदा करावा लागे.

सर आले. गुहेच्या मधोमध उभे राहिले. एक पाय वर घेतला, डोळे मिटले. केरोबा आणि मालनबाई भिंतीला चिकटून श्वास रोखून थांबले.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "इथे फार काही आहे."

"मी हेच म्हणत होते!" मालनबाई म्हणाली.

"हे काय?" सरांनी चोचीनं दाखवलं.

"खुर्ची," केरोबा म्हणाला. "बसायला."

"कशासाठी?"

केरोबा विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "कंबर दुखते म्हणून," तो म्हणाला.

"कंबर दुखते म्हणून बसता, की बसता म्हणून कंबर दुखते?"

मालनबाईनं केरोबाकडे असं बघितलं, जणू सगळं आयुष्य तो या एका वाक्याची वाट बघत होता आणि ते आता फुकटात मिळालं.

इथे मी तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकतो. ती जंगलात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणूनच कुणाला दिसली नव्हती. बगळा बसत नाही. अंडी उबवायला काय बसतात तेवढंच, आणि श्वेतांगसर अविवाहित होते. ते उभ्यानं जेवत, उभ्यानं विचार करत आणि एका पायावर उभ्यानं झोपत. बसणं हा प्रकार त्यांना ऐकून माहीत होता. आणि जंगलातल्या झाडून सगळ्या दिवाणखान्यांची कामं त्यांच्याकडे होती.

यात लबाडी नव्हती हो. स्वतःला जे सुखाचं वाटतं तेच ते दुसऱ्याला देत होते, अगदी मनापासून. जगातल्या पुष्कळ गैरसोयी अशा मनापासून दिलेल्या असतात.

सरांनी ओल्या मातीत चोचीनं चित्र काढलं. काय चित्र होतं! दोन रेघांत गुहा, एका रेघेत उजेड. मध्ये एक अस्वल होतं, पाठमोरं, सडपातळ, उभं.

"हा मी?" केरोबानं विचारलं.

"हे तुम्ही व्हाल," सर म्हणाले.

केरोबानं मालनबाईच्या तोंडाकडे बघितलं. तिचा चेहरा इतका उजळला होता, की 'नको' हा शब्द त्याच्या घशातून परत खाली गेला. लग्न झाल्यापासून त्यानं तिला कशाला नाही म्हटलं नव्हतं. आता तरी कशाला म्हणा, असं त्याला वाटलं.

खुर्ची आणि चौरंग गुहेमागे नेऊन ठेवले. आठ दिवसांत वाळवी लागली. महिन्याभरानं तिथे नुसता मातीचा ढीग होता. केरोबा एकदा बघायला गेला. पुन्हा गेला नाही.

घर तयार झालं. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र. छताला मोठं भोक, म्हणजे उजेडाला यायला वाट. आणि जमिनीवर सगळीकडे घोटाभर पाणी. संथ, नितळ, गारेगार पाणी. "इथे मन शांत होतं," सर म्हणाले, आणि त्यांचं झालंही असेल. बगळ्याला घोटाभर पाण्यात उभं राहण्याइतकं सुख दुसरं नाही.

पाण्यात तीन गुळगुळीत पांढरे खुंट रोवले होते. प्रत्येकाचा माथा तळहाताएवढा. ती आसनं होती.

सर गेल्यावर केरोबानं एकावर बसून बघितलं. एकदा उजवीकडून बसला, एकदा डावीकडून. खुंटाचं आणि त्याचं काही जमेना. शेवटी तो बाजूला उभा राहिला. झोपायला कडेनं एक कोरडा कट्टा होता, तो बगळ्याच्या मापाचा होता.

मग वास्तुशांत झाली. अख्खं जंगल आलं. मालनबाई दारात उभी होती, नवं लुगडं नेसून. पाहुणा आला की आपण काय म्हणतो? 'या, बसा.' पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मालनबाईच्याही तोंडात ते आलं. "या, ब..." म्हणाली आणि थबकली. मागे वळून तिनं घराकडे बघितलं.

"या, बघा," ती म्हणाली.

सगळ्यांनी बघितलं. "किती मोकळं!" रानडुक्कर म्हणाले. "उजेड काय सुंदर पडतो!" माकडं म्हणाली. चंपूताई जाणकारासारखी मान हलवत होत्या आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. केरोबा तीर्थप्रसाद वाटत फिरत होता. घटकाभरात सगळ्यांना घरची महत्त्वाची कामं आठवली. एवढे पाहुणे इतक्या लवकर गेल्याचं त्या गुहेत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

दिवस जाऊ लागले. केरोबा उभ्यानं जेवे. दमून भिंतीला टेकायला गेला, की मालनबाई म्हणे, "अहो, टेकू नका, डाग पडतो!" आणि अंगाला चुना लागे तो वेगळाच. कंबर आता नुसती दुखत नव्हती, बोलत होती. पहाटे उठवत होती.

आपल्याच घरात आपल्याला बसता येत नाही, याचं केरोबाला फार वाईट वाटे. पण सांगणार कुणाला? जो तो भेटला की म्हणे, "केरोबा, नशीबवान आहेस बुवा!"

एका दुपारी तो मालनबाईला म्हणाला, "जरा पाय मोकळे करून येतो."

आणि सरळ ठोकाजीच्या आवारात गेला. मोहाच्या झाडाखाली ते आवार होतं. ठोकाजीकडे हल्ली कुणी फिरकत नव्हतं. अर्धवट सोडलेल्या बैठका, फळ्या, ओंडके असेच पडले होते. केरोबा एका ओंडक्यावर बसला. नुसता बसला हो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठोकाजीनं वरून बघितलं. बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी केरोबा गेला तर तिथे चंपूताई बसलेल्या. दोघंही दचकले.

"मी सहज आले होते," चंपूताई म्हणाल्या.

"मीही सहजच," केरोबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दोन माकडं सहज आली होती. मग रानडुक्कर सहज आले, सहकुटुंब. महिन्याभरात असं झालं, की दुपारी जंगलातलं सगळं प्रतिष्ठित मंडळ ठोकाजीच्या आवारात दाटीवाटीनं बसलेलं असे. कुणी कुणाला काही विचारत नसे. संध्याकाळी उठून जो तो आपापल्या पांढऱ्या घरी उभा राहायला जाई.

आणि एके दिवशी झुडुपं बाजूला सारून मालनबाई आत आली.

तिनं केरोबाला बघितलं. केरोबानं तिला बघितलं.

"तुम्ही पाय मोकळे करायला गेला होता ना?" ती म्हणाली.

"तू भजनाला गेली होतीस ना?" तो म्हणाला.

मालनबाई त्याच्याच ओंडक्यावर, त्याच्या शेजारी बसली आणि तिनं पाय लांब केले. केरोबानं तिचे पाय बघितले. दोन्ही टम्म सुजले होते. घरात ते सतत पाण्यात असत, म्हणून त्याला कधी दिसले नव्हते.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं सांगू? हट्ट माझाच होता ना." तिचा आवाज बारीक झाला. "रोज वाटायचं, आज तुम्ही चिडाल. चिडला असता तर मी ते पाणी तिथल्या तिथे काढलं असतं. पण तुम्ही आपले उभे!"

केरोबा तिच्यासाठी उभा होता आणि ती त्याच्या चिडण्याची वाट बघत होती. दोघांनी मिळून सहा महिने काढले होते.

त्यानंतर दोघं रोज जोडीनं येऊ लागली. आणि एक दिवस ठोकाजीचा संयम सुटला.

"पुरे!" तो फांदीवरून ओरडला. "काम करायला जागा नाही मला माझ्या आवारात! उचला आपापल्या बैठका आणि चालते व्हा!"

"आपापल्या?" चंपूताई म्हणाल्या.

"मग कुणाच्या? तुम्ही रोज येऊन बसताय आणि मी रोज बघतोय. तीन दिवसांत माप घेणारा मी, मला महिने दिलेत तुम्ही! ही बिनपाठीची तुमची, चंपूताई. ती भोकाची माकडांची. आणि केरोबा, तो बाक तुझा."

सगळ्यांनी बाकाकडे बघितलं. नवाकोरा शिसवी बाक होता, दोघांना पुरेल एवढा.

"माझ्या एकट्याला एवढा मोठा?" केरोबा म्हणाला.

"तुझ्या एकट्याला कोण देतंय? वहिनी दमल्या की तुझ्या खांद्यावर मान टाकतात. तू डावीकडे कलंडतोस, त्या उजवीकडे टेकतात. दोन वेगळ्या खुर्च्या केल्या तर दोघंही पडाल!"

मालनबाईनं पदर तोंडाला लावला. माकडं खिदळली. पण जागचं कुणी हललं नाही.

"हे घरात न्यायचं?" चंपूताई हळूच म्हणाल्या. "त्या पांढऱ्या घरात? सर काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील?" रानडुक्कर म्हणाले. लोक ते स्वतःच होते, पण त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

केरोबा मालनबाईकडे वळला.

"मालन," तो म्हणाला, "मी तुला आजवर कशाला नाही म्हटलं नाही. आज म्हणतो. मला ते घर असं नको. मला माझ्या घरात बसायचंय. तुझ्याशेजारी बसायचंय. कुणी हसलं तर हसू दे."

मालनबाईनं पदर खोचला आणि बाकाचं एक टोक धरलं.

"उचला की हो," ती म्हणाली. "किती वेळ बघताय?"

भर दुपारी, जंगलाच्या मधल्या वाटेनं, दोन अस्वलं बाक घेऊन निघाली. वाटेच्या दोन्ही बाजूंना झुडुपं हलत होती. सगळं मंडळ लपून बघत होतं. आणि नेमके समोरून श्वेतांगसर आले.

झुडुपं हलायची थांबली.

"हे काय?" सर म्हणाले.

"बाक," केरोबा म्हणाला. त्यानं बाक खाली ठेवला नाही.

"हे कुणी सुचवलं तुम्हाला?"

"कंबरेनं."

सरांनी एक पाय वर घेतला. बाकाकडे बघितलं, एका बाजूनं, मग मान वळवून दुसऱ्या बाजूनं. मग ते अगदी जवळ आले आणि झुडुपांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "केरोबा, रागावू नका. खरं सांगा. बसल्यावर नेमकं काय होतं हो?"

मुलांनो, इतका प्रामाणिक प्रश्न त्या बगळ्यानं जन्मात विचारला नव्हता. केरोबाला त्याची दया आली.

"काही होत नाही, सर," तो म्हणाला. "तेच तर हवं असतं."

मग सरांनी मान ताठ केली आणि मोठ्यानं म्हणाले, "छान! पहिला टप्पा उभं राहणं, दुसरा टप्पा बसणं. केव्हा जाणवतंय तुम्हाला, याचीच मी वाट बघत होतो!"

दोन्ही बाजूंच्या झुडुपांतून एकदम सुस्कारा आला. आणि मग जी पळापळ झाली! संध्याकाळपर्यंत ठोकाजीचं आवार रिकामं होतं. चंपूताईंनी तर बैठक नेताना "मी सरांना आधीच बोलले होते" असंही सांगितलं.

घरी येऊन केरोबानं मडक्यानं पाणी उपसून टाकलं. त्याला सरांनी तिसरा टप्पा म्हटलं.

पुढे वनराजांनी सरांचा सत्कार केला. मानपत्रात लिहिलं होतं, की श्वेतांगसरांनी या जंगलात बसण्याचा शोध लावला. सभेसाठी ठोकाजीकडून नव्या बैठका करून घेतल्या होत्या. त्याला बोलावणं द्यायचं राहून गेलं, पण तो आला होता. वरच्या फांदीवरून तो महाराज कसे बसतात ते बघत होता आणि भाषण त्याला ऐकू येत नव्हतं.

सर व्यासपीठावर एका पायावर उभे राहिले. म्हणाले, "बसणं म्हणजे काय? काहीच न होणं. तेच तर हवं असतं!"

वा! सगळी सभा ताडकन उठली. महाराज उठले, चंपूताई उठल्या, माकडं तर बैठकीवर चढून टाळ्या वाजवू लागली. कडकडाट थांबेना.

केरोबा तेवढा बाकावर बसून होता. मालनबाईनं त्याला कोपरानं ढोसलं, पण तीही उठली नव्हती.

महाराजांचं लक्ष गेलं. सभा शांत झाली.

"केरोबा," महाराज म्हणाले, "सगळे उभे आहेत. तू उठला नाहीस?"

"क्षमा असावी महाराज," केरोबा म्हणाला. "माझं उभं राहून झालंय."

महाराजांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. राजवाड्याचं कामही श्वेतांगसरांकडेच होतं. तिथे सिंहासनाच्या जागी अजूनही पांढरा खुंटच होता.

"हं," महाराज म्हणाले, आणि सावकाश खाली बसले.

तात्पर्य : आपल्या घरात सुखानं बसायचं असेल, तर घर आधी ज्याला बसता येत नाही त्याच्याकडून करून घ्यावं. त्याशिवाय नवऱ्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही, बायकोचे पाय नवऱ्याला दिसत नाहीत आणि सुताराला सगळ्या गावाचं माप एका जागी मिळत नाही.